मिरगीची मोजणी कोण करणार?

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात जावे आणि पारावरच्या चार जाणत्या माणसांना विचारावे की, गावात शुगरचे पेशंट किती, दम्याचे किती, मुतखड्याचे किती. बसल्या बैठकीला नावानिशी यादी मिळते. 'मिरगी कोणाकोणाला येते?' एवढे मात्र विचारू नये. माणसे एकमेकांकडे पाहतात, कोणीतरी तंबाखूची पुडी काढतो आणि बोलणे पावसाकडे वळते. उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या उत्तरात कोणाच्या तरी घरची लग्नाची मुलगी असते.

हे मौन गावाचे आहे, तसेच ते सरकारी कागदाचेही आहे. आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. २०१८ साली देशातल्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्या पंगतीत वाशीमचेही नाव आले. या यादीतल्या जिल्ह्यांचे लसीकरण, कुपोषण, गर्भवतींची नोंदणी, क्षयरोगी असे कितीतरी आकडे नियमाने वर जातात. मिरगीचा रकाना त्यात नाही. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजवर अकोला-नागपूरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्याला ही मोठीच गोष्ट. म्हणूनच हा विषय आता काढावासा वाटतो. या महाविद्यालयाने आपल्या उमेदीच्या वर्षांत एखादी गोष्ट मोजायची ठरवली, तर ती मिरगी असावी.

कारण असे की, मिरगी हा सगळाच्या सगळा नशिबाचा खेळ नाही. उष्ण कटिबंधातल्या गरीब देशांत तिचा बराच मोठा हिस्सा एका जंतामुळे येतो, आणि तो हिस्सा टाळता येण्यासारखा आहे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे आणि त्यांतले जवळजवळ ऐंशी टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्या भागांत डुकरे मोकाट हिंडतात आणि माणसे उघड्यावर शौचाला जातात, तिथे शंभरातल्या तीसएक रोग्यांच्या फिटांचे मूळ या जंतात असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वर्णन वाचताना आपल्याला दूरच्या कोणत्या देशाची आठवण काढावी लागत नाही.

जामीनदार मागे फिरला

या विषयाशी माझा संबंध डॉक्टरकीतून आलेला नाही. कर्जाच्या अर्जांतून आला. उभी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षे खेड्यापाड्यांतल्या शाखांत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मालेगावकडच्या एका खेड्यातला तरुण दोन म्हशींसाठी कर्ज मागायला आला. कागदपत्रे ठीक होती, चारापाण्याची सोय होती, जामीनदारही सोबत होता. सही करायच्या वेळी कोणीतरी जामीनदाराच्या कानाला लागले आणि तो 'येतोच' म्हणून जो बाहेर गेला तो परत आला नाही. मग त्या तरुणाची आई पुढे झाली. "साहेब, पोराले मिरगी हाये जी. पन कामाले तो वाघ हाये," असे ती म्हणाली. दुसरा जामीनदार मिळवायला दीड महिना लागला.

तिच्या बोलण्यातून जो हिशेब कळला तो कोणत्याच कर्जप्रकरणात नोंदला जात नाही. एक भगत, दोन देवस्थाने, पाच अमावास्या, कोंबडी, बकरा, गंडे, आणि या सगळ्यासाठी गहाण पडलेले एकरभर रान. एवढ्या खर्चात गोळ्यांचा खर्च कुठेच नव्हता, कारण फिटांवर गोळी असते हे त्या घराला कोणी सांगितलेच नव्हते. म्हशी आल्या, हप्ते वेळेवर येऊ लागले. दीड-पावणेदोन वर्षांनी एका सकाळी फिट आली तेव्हा तो विहिरीच्या काठावर पाणी शेंदत होता. म्हशींच्या कानात विम्याचे बिल्ले होते. त्या दगावल्या असत्या तर भरपाई मिळाली असती. माणसाच्या कानात बिल्ला नव्हता. आईने दोन्ही म्हशी विकून खाते बंद केले. आमच्या वहीत ते खाते 'पूर्ण फेड' म्हणून आहे.

पुढे नोकरीत आणि नंतर कादंबरीच्या निमित्ताने फिरताना अशी घरे दिसत राहिली. चुलीवर पडून भाजलेली सून, शाळेतून नाव काढलेला मुलगा, ट्रॅक्टरवर कोणी बसू न दिलेला धाकटा भाऊ. यांतल्या प्रत्येकाची मिरगी जंतामुळेच होती असे कोणी म्हणणार नाही. जन्माच्या वेळी गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, आनुवंशिकता अशी मिरगीची कितीतरी कारणे आहेत. पण जे कारण आपण आपल्या हाताने दूर करू शकतो, त्याचेच नाव आपल्याकडे सर्वांत कमी ठाऊक आहे.

दोन वाटांचा जंत

त्या जंताचे शास्त्रीय नाव टीनिया सोलियम. मराठीत याला पट्टकृमी म्हणतात. पट्टीसारखा चपटा आणि दोन ते सात मीटर लांब असा हा जंत माणसाच्या आतड्यात वर्षानुवर्षे राहतो. त्याचा त्रास असा फारसा होतच नाही. थोडे पोट दुखते, कधी शौचातून पांढरे तुकडे पडतात, एवढेच. त्या प्रत्येक तुकड्यात हजारो अंडी असतात.

इथून पुढे दोन वाटा फुटतात आणि सगळा घोटाळा या दोन वाटा एकच समजण्यात आहे. पहिली वाट अशी: जंत असलेला माणूस उघड्यावर बसतो, डुक्कर ती घाण खाते, अंडी डुकराच्या पोटातून स्नायूंत जातात आणि तिथे साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या गाठी होतात. ते मांस कच्चे राहिले आणि माणसाने खाल्ले, तर त्याच्या आतड्यात नवा पट्टकृमी वाढतो. या वाटेने आतड्यातला जंत मिळतो, मेंदूतली गाठ मिळत नाही.

दुसरी वाट डुकराला टाळून जाते. तीच अंडी न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून किंवा घाण पाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीतून थेट दुसऱ्या माणसाच्या पोटात जातात. मग डुकराच्या स्नायूत जे होते तेच माणसाच्या शरीरात होते. अंड्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत पोहोचते आणि तिथे गाठ करून बसते. जिवंत असेतो ती शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवते. वर्षे निघून जातात. ती मरू लागली की भोवती सूज येते, आणि एका दिवशी, ध्यानीमनी नसताना, धडधाकट माणूस दात खाऊन जमिनीवर कोसळतो.

म्हणजे मेंदूतली गाठ डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. ती होते दुसऱ्या एखाद्या माणसाच्या विष्ठेतून. जन्मभर माळ घातलेल्या वारकऱ्यालाही ती होऊ शकते. आपल्या देशातल्या अशा रोग्यांत डुकराचे मांस कधीही न खाल्लेल्यांचाच भरणा आहे. १९९०-९१ साली न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू समाजातल्या चार जणांच्या मेंदूत या गाठी सापडल्या तेव्हा तिथले डॉक्टर चक्रावले, कारण त्या समाजात डुकराचे मांस निषिद्ध. शोध घेता घेता माग घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायांपर्यंत गेला. त्यांतल्या एकीच्या पोटात पट्टकृमी होता. त्या बाईचा दोष काय? तिला स्वतःलाही ते माहीत नव्हते.

आपल्या घरोघरी एक धास्ती असते ती पत्ताकोबीची. 'कोबीतली अळी मेंदूत जाते' असे म्हणून कित्येक घरांनी पत्ताकोबी सोडून दिली आहे. कोबीवरची हिरवी अळी शिजली काय, न शिजली काय, ती मेंदूत जात नाही. भीती त्या अळीची नाही, पानांच्या घड्यांत अडकलेल्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांची आहे. ती कोथिंबिरीवर, मुळ्यावर, गाजरावरही असू शकतात. भाजी नीट धुवावी, शिजवावी, आणि स्वयंपाक करणाऱ्याने, वाढणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. भाजीवर राग धरून काही साधत नाही.

सोल्जरांपासून वेल्लोरपर्यंत

हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लष्करी डॉक्टर कर्नल विल्यम मॅकआर्थर यांच्याकडे असे सैनिक येऊ लागले, ज्यांच्या घराण्यात कधी मिरगी नव्हती. त्यांच्या स्नायूंत बारीक गाठी लागत. या प्रकरणाचा सर्वांत मोठा अहवाल डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ साली काढला. त्यातल्या साडेचारशे रोग्यांपैकी बहुतेकांनी हिंदुस्थानात नोकरी केलेली होती. संसर्ग इथे झाला आणि पहिली फिट मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी आली. गोऱ्या सोल्जरांची मोजणी झाली, म्हणून कारण सापडले. त्याच छावण्यांना दूध-भाजी पुरवणाऱ्या आपल्या माणसांची तशी मोजणी कोणी केली नाही.

याहून हृदयद्रावक हकीकत पश्चिम न्यू गिनीची. तिथल्या डोंगरातले एकारी लोक थंडीमुळे शेकोटीभोवती झोपत. १९७०च्या सुमारास बालीहून तिथे डुकरे आली, आणि थोड्याच वर्षांत माणसे रात्री झोपेत विस्तवात पडून भाजू लागली. इस्पितळात भाजलेल्यांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांना प्रश्न पडला की, पिढ्यान्‌पिढ्या शेकोटीशेजारी झोपणारी माणसे आताच कशी पडू लागली? उत्तर निघाले मेंदूतल्या गाठी. रोग नवा, शेकोटी जुनी.

आपल्याकडे सीटी स्कॅन आले आणि ऐंशीच्या दशकात फिट येणाऱ्या कित्येकांच्या मेंदूत एकच बारीक कडे दिसू लागले. क्षयाचा देश, तेव्हा ही क्षयाचीच गाठ, असे धरून अनेकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेक गाठींत क्षय नव्हता, जंताच्या अळीचे अवशेष होते. पुढे वेल्लोरकरांनी जवळपासच्या गावांत आणि शहरात सुमारे पन्नास हजार लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दर हजारी जवळपास चार जणांना मिरगी होती आणि त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश लोकांमध्ये या जंताचा पुरावा मिळाला.

आता बँकवाल्याचा कच्चा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख. हजारी चार धरले तर मिरगीचे रोगी चार हजार आठशे. त्यांचा तिसरा हिस्सा, सोळाशे. वेल्लोरचे प्रमाण वाशीमला जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून होणार नाही. खरा आकडा कमी निघेल किंवा जास्त निघेल. पण सोळाशेच्या जागी आठशे निघाले, तरी ती न येऊ शकणाऱ्या मिरगीची आठशे घरे आहेत. एवढ्या थकबाकीची चौकशी कोणत्याही बँकेत झालीच असती.

डुकराला शिव्या देऊन भागत नाही

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग डुकरे हाकला. आपल्याकडे नगरपालिकेच्या प्रत्येक सभेत मोकाट डुकरांवर गरमागरम चर्चा होते, आणि चर्चेचा रोख हळूहळू डुकरे पाळणाऱ्या चार गरीब घरांकडे वळतो. त्या घरांना स्वच्छतेच्या नावाने बोल लावणे सोपे असते. पण डुकराला अंडी कोणी दिली? ती माणसाच्या आतड्याखेरीज दुसरीकडे तयार होत नाहीत. आणि या रोगाची सर्वांत जास्त झळ लागते ती त्याच घरांना. लखनौजवळच्या डुक्करपालक वस्तीत डॉ. काशीनाथ प्रसाद यांच्या गटाने पाहणी केली (ती २००७ साली प्रसिद्ध झाली), तेव्हा शंभरातल्या अठराहून अधिक लोकांत पट्टकृमी आढळला.

केरळचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तिथे डुकराचे मांस आवडीने खातात, तरी मेंदूतल्या या गाठी तिथे विरळा. घरोघरी संडास आणि घरोघरी साक्षर बाई, या दोन गोष्टींनी जंताची वाट अडवली. आपल्या विदर्भाला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत; नवसाला बकरे कापणाऱ्यांना ते त्याच कीर्तनात खडसावत. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले. पुढे २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आले, 'गुड मॉर्निंग पथके' फिरली, वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशा पाट्या लागल्या. संडास खरोखरच पुष्कळ झाले. मात्र उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की हंडाभर पाणी प्यायला ठेवावे की संडासात ओतावे, हा प्रश्न घरातल्या बाईपुढे उभा राहतो. मग संडासात गोवऱ्या आणि सोयाबीनचे कुटार जाते आणि माणूस पुन्हा गोदरीत. पाटी मात्र वेशीवर तशीच असते.

पेरू देशाच्या उत्तरेकडच्या तुंबेस भागात तिथल्या डॉक्टरांनी हा जंत हटवून दाखवला. माणसांना जंताच्या गोळ्या, डुकरांना औषध आणि लस, असे तिन्ही एकदम केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १०७ गावांपैकी १०५ गावांत प्रसार थांबला. मेलबर्नचे शास्त्रज्ञ मार्शल लाइटॉलर्स यांच्या संशोधनातून निघालेली डुकरांची लस आज आपल्या हैदराबादेत तयार होते. हैदराबाद काही वाशीमपासून फार दूर नाही.

वाशीमने काय करावे

पहिली गोष्ट मोजणी. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि आशाताई यांनी मिळून तालुक्यातली पाचपाच गावे घ्यावीत, घरोघर जावे, नाव गुप्त ठेवून विचारावे. ज्यांना फिट येते त्यांचा स्कॅन सरकारी खर्चाने व्हावा. ज्यांच्या मेंदूत गाठ निघेल त्यांच्या घरच्यांची शौचतपासणी व्हावी, कारण पट्टकृमी वाहणारा माणूस बहुधा त्याच घरात किंवा शेजारी असतो. त्याला औषध दिले की आणखी कितीतरी मेंदू वाचतात. शाळा-अंगणवाडीत मुलांना वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती चांगलीच आहे. पण पट्टकृमी घेऊन हिंडणारा घरातला मोठा माणूस त्या मोहिमेच्या बाहेरच राहतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा. ज्याला फिटा येतात त्याने जंताची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. मेंदूतल्या गाठी एकदम मरू लागल्या तर सूज वाढते आणि जिवावर बेतते. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

दुसरी गोष्ट गोळी. फिटा थांबवणारे फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे आणि ते स्वस्त आहे. नीट निदान आणि नियमित औषध मिळाले तर दहांतले सात रोगी फिटांशिवाय जगू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या एकही दिवस संपता कामा नयेत, कारण औषध अचानक तुटले की फिटा दुपटीने उसळतात. महिन्याची गोळी आणण्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागले तर तिसऱ्या महिन्यात गोळी सुटते. हप्त्याचेही असेच असते.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. फिट आली की आपण कांदा हुंगवतो, चप्पल नाकाशी धरतो, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो, दातांत चमचा घालतो. यांतले काहीही करू नये. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, भोवतीचे टणक सामान सरकवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठावा. भगताकडे नेण्याची घाई करू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि लग्नाचे काय? हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर मिरगीच्या झटक्यांचा उल्लेख आला होता. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला. म्हणजे कायद्याच्या लेखी मिरगी हा लग्नातला अडसर राहिलेला नाही. आपल्या पारावरून तो शब्द अजून निघालेला नाही, आणि तो निघत नाही तोवर कोणतीच आई आपल्या मुलीचे नाव मोजणीला आलेल्या पोराला सांगणार नाही.

म्हणून मोजणीची सुरुवात डॉक्टरांच्या वहीत होण्याआधी आपल्या बोलण्यात व्हायला हवी. ताप येतो, मुतखडा होतो, तशी फिट येते. तिला कारण असते, तिला औषध असते, आणि कधीकधी ते कारण गावाच्या गोदरीतून पाण्याच्या तांब्यापर्यंत चालत आलेले असते, एवढे घरातल्या पोराबाळांसमोर मोठ्याने बोलावे. ज्या गावात हे बोलले जाईल, तिथे मोजणी करणाऱ्याला दारातून परत फिरावे लागणार नाही.